तळघराची हवा

"खालची झडप थोडी दाबा," मॅनेजर म्हणाला. "वरच्या नव्या हॉलला हवा पुरत नाही. तळघरात बसतंय कोण?"

"बसत कोणी नाही, साहेब. उभ्या असतात," वारेवाले म्हणाले.

मॅनेजर हसला. साहेब हसले की हसायचं, म्हणून वारेवालेही हसले.

हॉटेलच्या कुठल्या खोलीत किती हवा येते, हे हवेच्या नळाच्या जाळीला मीटर लावून मोजायचं आणि नळातल्या झडपा उघडून-दाबून ती वाटायची, हे त्यांचं काम; म्हणून सगळे त्यांना वारेवाले म्हणत. हवेचं वाटप भावकीतल्या वाटपासारखंच असतं, एकाला जास्त द्यायचं तर दुसऱ्याचं काढावं लागतं. तळघरात इस्त्रीखाना होता आणि तिथे दिवसभर वाफेत उभ्या राहणाऱ्या बायकांत त्यांची ताई होती. आईमागे तिनेच त्यांना वाढवलं, तिनेच शब्द टाकून इथे चिकटवलं. हल्ली चार वाक्यं बोलली तरी तिला धाप लागायची. पण वारेवाल्यांच्या बढतीचं पत्र निघायचं होतं. अशा वेळी साहेबांसमोर माणसाला बहीण आठवत नाही.

झडप दाबून ते तळघरात आले, शिडी लावून वर चढले. मीटर जाळीवर ठिकठिकाणी धरलं, वेगाची सरासरी काढली, तिला जाळीच्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेने गुणलं. अख्खी चौकट धरली असती तर आकडा बरा दिसला असता, पण पट्ट्यांच्या पत्र्यातून काही हवा येत नाही. हवा निम्म्यावर आली होती. वारा दिसावा म्हणून जाळीला बांधलेली रिबीन नुसती लोंबत होती.

"अहो वारेवाले, वारा काय माहेरी गेला का?" एकीने विचारलं.

"थांबा, आणतो."

त्यांनी जाळीच्या बहुतेक पट्ट्या मिटवल्या. उरलेल्या फटीतून वारा सूं करून सुटला आणि रिबीन फडफडायला लागली. नुसता जोर वाढला होता. हवा उलट आणखी घटली होती. शिडीवर उभं राहून त्यांना स्वतःची शिसारी आली. खाली बायका खूश झाल्या.

"बघितलंत? माझा भाऊ आहे तो," ताई सगळ्यांना म्हणाली.

तेवढ्यात मुकादमबाई आली. "ताई, वरच्या काउंटरची जागा रिकामी झालीय. तुमची धाप बघून तुमचंच नाव सुचवलंय मी. जाताय ना? आत्ताच सांगा, मागणाऱ्या पुष्कळ आहेत."

ताईने रिबिनीकडे पाहिलं. "आता कशाला? हवा आली की. वर सगळे अनोळखी, इथे निदान आपली माणसं आहेत." मग मान वर करून विचारलं, "काय रे, टिकेल ना हा वारा? तुझ्या भरवशावर मी त्या जागेला 'नाही' म्हणतेय."

आत्ता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे त्यांना कळत होतं. सगळ्या बायका वर बघत होत्या.

"टिकेल," ते म्हणाले.

"मग द्या दुसऱ्या कुणाला," ताई म्हणाली. मुकादमबाई निघून गेली.

वारेवाल्यांनी मीटर खिशात टाकलं. ते उतरायला लागले. ताईने पुढे होऊन दोन्ही हातांनी शिडी धरली.

"सावकाश," ती म्हणाली, मग श्वास घ्यायला थांबली, "पडशील."