सातनंतरचे दही

पुस्तके बांधून देणाऱ्या बाइंडरच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. इन्सुलिन घेऊनही साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. सांगताना ते बाइंडरकडे नव्हे, त्याच्या बायकोकडे पाहत होते.

"बाई, स्वयंपाक तुम्हीच करता ना?"

ती कपडे अल्टर करून देई. बारीक सुई आणि बारीक लक्ष हे तिचे भांडवल होते. घरी आल्यावर तिने मटण बंद केले, पांढरा पाव बंद केला, साखरेचा डबा शेजारणीला देऊन टाकला. त्याला एकट्याला पथ्य नको म्हणून स्वतःही तेच खाऊ लागली. दुपारी एकला दुकानात त्याला डबा, पाच वाजता घरी आल्यावर वाटीभर दही.

बाइंडर शनिवारच्या प्रार्थनेनंतर यहुद्यांच्या सिनेगॉगमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग घेई. त्या दिवसांत त्याने विषय काढला तो आहाराचा. जुने गुरू सांगून गेले आहेत, तो म्हणाला, की पोट गच्च भरेपर्यंत खाऊ नये, थोडी जागा राहू द्यावी. आणि पुढ्यात आवडीचे ताट असताना, इच्छा शिल्लक असताना हात मागे घेणे हाही उपासच आहे, कोणाला न दिसणारा. बायका मागच्या रांगेतून तिच्याकडे वळून पाहत होत्या. एक म्हणाली, "नशीब काढलंस गं, आमच्याकडे ताट चाटून वर विचारतात, संपलं का."

घरी दोघे तसेच जेवत. शेवटचा घास दोघेही ताटात ठेवत आणि एकमेकांकडे पाहून हसत. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण एकत्र असे काही त्यांनी पहिल्यांदाच केले होते. तिला ते औषधापेक्षा मोठे वाटे.

तिचे स्वतःचे कपडे कमरेत आत घ्यावे लागले. त्याच्या पँटची शिवण मात्र होती तिथेच होती.

"माझी हाडंच रुंद आहेत," तो म्हणाला.

तिने ते मानले. खटकले ते दही. पाच वाजता वाटी पुढे केली की तो म्हणे, "आत्ता नको, ठेव." मग सातनंतर स्वतः उठून खाई. शनिवारी दुकान बंद असे, तेव्हा मात्र पाचलाच वाटी पुसून मोकळी. पहिल्यांदा तिला वाटले, दमून येतो. मग एका दुपारी एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उसवता उसवता तिचा हात थांबला.

यहुदी घरात मांस आणि दूध एकत्र येत नाही. मांस खाल्ल्यावर दुधाच्या पदार्थाला हात लावायचा तर सहा तास जाऊ द्यायचे, ही त्या दोघांच्या घरची लहानपणापासूनची रीत. एकपासून मोजले की सात होतात.

तिने कोट तसाच टेबलावर टाकला आणि चप्पल घातली.

दुकानाच्या आसपास बाइंडरला चालेल असे मटण शिजणारे घर एकच होते: तिची धाकटी बहीण दुकानामागच्या गल्लीत राहत होती. दार लोटलेलेच होते. टेबलाशी बाइंडर बसला होता, शेजारी मेहुणा, समोर दोन भाचे. ताटात हाडे होती, बटाट्याच्या साली होत्या, बाजूला गोडाची रिकामी बशी होती. बाइंडर डोळे मिटून जेवणानंतरची प्रार्थना म्हणत होता, खाऊन तृप्त झाल्यावर देवाचे आभार मानायची. ती लांबलचक असते. मध्येच त्याने डोळे उघडले, दारात बायको दिसली. पण प्रार्थना तोडून बोलता येत नाही. तो म्हणत राहिला. आवाज मात्र उतरला.

त्याआधीचा आवाज तिने ऐकला होता. भरल्या पोटाचा, मोकळा, लग्नात त्याने लावला होता तसा. घरी तो हल्ली हीच प्रार्थना पुटपुटायचा.

धाकटी स्वयंपाकघरातून आली आणि जागीच थबकली. हातात थोरलीने भरून दिलेलाच डबा होता, उघडा, अर्धा संपलेला.

"ताई. बस ना."

"हा डबा तू खातेस?"

"टाकायचा कसा? चांगला असतो. मीठ जरा कमी असतं."

"किती दिवस चाललंय?"

"असं पोलिसासारखं विचारू नकोस. भावोजी रडकुंडीला आले होते गं. भुकेला माणूस दारात आला तर त्याला काय हाकलून देऊ?"

"भुकेला नव्हता. आजारी होता. मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू खाऊ दिलं असतंस?"

"नाही."

"मग?" धाकटी म्हणाली, जणू तिथेच मुद्दा मिटला.

मेहुणा भाच्यांना घेऊन आतल्या खोलीत गेला. प्रार्थना संपली. बाइंडरने ओठ पुसले.

"मी एकही नियम मोडलेला नाही," तो म्हणाला. "मटण आपल्याच खाटकाकडचं आहे. दही वेळेआधी कधी खाल्लं नाही."

"माहीत आहे. त्यावरूनच कळलं."

त्याला आधी अर्थ लागला नाही. लागला तेव्हा तो खाली पाहू लागला.

"रात्री ताटात घास ठेवत होता तो कशाला?"

"तुला बरं वाटायचं म्हणून."

ती तिथून निघाली. धाकटीने डबा धुऊन देते म्हणून हाक मारली, ती थांबली नाही. रस्त्यात तिला राग मटणाचा येत नव्हता. आपण हसत होतो तेव्हा तो आपल्याला खेळवत होता, आणि हे एवढी चार माणसे जाणून होती, याचा येत होता. मागच्या आठवड्यात धाकटीने तिला विचारले होते, "भावोजींचं पथ्य कसं चाललंय?" तिने अभिमानाने सांगितले होते.

दोन दिवसांनी डॉक्टरांकडे जायचे होते. गेले दोघेही. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि पेन काढले.

"साखर अजून वर. पथ्य नीट आहे ना?"

"घरचाच डबा असतो," बाइंडर म्हणाला.

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो भिंतीवरचे दिनदर्शिकेचे चित्र पाहत होता.

"मग इन्सुलिन वाढवावं लागेल," डॉक्टर म्हणाले आणि लिहू लागले.

"थांबा, डॉक्टर," ती म्हणाली. "डबा माझी बहीण खाते. हे तिच्याकडे मटण, बटाटे आणि गोड खातात. सुट्टी सोडून रोज. आता ठरवा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "हे मला आधी कळायला हवं होतं. पुढे पथ्य पाळलं असतं तर वाढवलेला डोस जास्त झाला असता."

"मलाही," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर बाइंडरने रिपोर्टची घडी करून खिशात घातली. मग दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "घरातलं भांडण चारचौघांत न्यायची गरज नव्हती. मला तोंडघशी पाडलंस."

"डॉक्टर एकटेच होते. चारचौघं तुमच्या पंगतीला होते."

"तुला अंगठ्याचं काहीच वाटत नाही?"

"वाटतं म्हणून बोलले. उद्यापासून डबा नाही. काय खायचं ते तुमचं तुम्ही बघा, आणि डॉक्टरांना तुमचं तुम्ही सांगा."

बसथांब्यावर तो लंगडत बाकाशी गेला, टोकाला बसला आणि शेजारी तिच्यासाठी जागा सोडली. ती बस येईपर्यंत उभीच राहिली.