पाठकोरी पत्रकं

आमच्या रोह्याच्या छोट्या चर्चमध्ये सुशील सर नवे पाळक म्हणून आले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी आम्हा बायकांच्या हातात पन्नास-पन्नास पत्रकं ठेवली. "मिशन आता घराबाहेर पडलं पाहिजे," म्हणाले. पत्रकाच्या एका बाजूला 'येशू तुमची प्रार्थना ऐकतो' असं ठळक छापलेलं. दुसरी बाजू छापखानेवाला विसरला होता.

अनोळखी दारात उभं राहून बोलायची मला लाज वाटते. म्हणून मी पत्रकं पिशवीत घातली आणि गेले पेणला, मैनाताईकडे. लग्नाआधी आम्ही तिच्या शेजारी राहायचो. ओळखीच्या दारात निदान चहा तरी मिळतो.

मैनाताई गणपतीच्या मूर्तींची आखणी करते, म्हणजे डोळे काढते. पेणमध्ये मूर्तीला हात लावणारे पुष्कळ, पण डोळे काढणारे मोजकेच. अंगाचे रंग, दागिने, सगळं झालं तरी आखणी होईपर्यंत मूर्ती कुणाकडे बघत नाही. कमळाकरच्या कारखान्यात तीस वर्षं हे काम तिचंच.

त्या बुधवारी ती पायरीवर बसली होती. उजवा हात मांडीवर असा, जसं कुणाचं तरी मूल घटकाभर सांभाळायला घेतलंय.

"चिकनगुनिया झाला गो. ताप गेला, पन बोटं काय वळत नायत. डॉक्टर बोलतो शेक द्या, हळूहळू हलवा. हळूहळू कसं? तिकडं तीनशे मूर्ती आंधळ्या बसल्यात."

कमळाकरने सांगितलं होतं, पुढच्या रविवारपर्यंत थांबतो, मग हमरापूरहून माणूस आणतो.

"त्याचं बी बरोबर हाय. पन एकदा दुसऱ्याचा ब्रश तिथं बसला, की मला कोन बोलावतंय?"

मी पिशवीतून एक पत्रक काढलं. तिने ते डाव्या हाताने लांब धरलं. "चष्मा नाय. तूच सांग काय लिवलंय."

"येशू प्रार्थना ऐकतो, असं लिहिलंय."

"ऐकतो? मग सांग ना त्याला. म्हनावं, मैनाचा हात धड कर, आखनी राहिलीय."

हात बरा होणार आणि जाऊन काढणार गणपतीचे डोळे. हे चालतं का, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

"उद्या मंडळात विषय ठेवते," मी म्हटलं.

"ऑफिसातल्या साहेबासारखी बोलायला लागलीस गो लीये," मैनाताई म्हणाली.

गुरुवारी आमच्या महिला मंडळात विषय ठेवला आणि प्रार्थना राहिली बाजूला.

"हात बरा व्हावा एवढंच मागू या," नमिता म्हणाली. "कशासाठी ते बोलायचंच नाही."

"म्हणजे देवाला कळणार नाही?" प्रतिक्षाने विचारलं.

"तू हस. उद्या वर गेल्यावर मला विचारलं तर?"

"तुला विचारायला वर दुसरं पुष्कळ आहे."

धोंडुबाई कोपऱ्यात वाल सोलत होत्या. मंडळात सगळ्यांत मोठ्या त्या. जन्म मिठागरात काम करण्यात गेला, आणि रिकाम्या हाताने बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. मान वर न करता म्हणाल्या, "प्रभूनं वाळल्या हाताचा मानूस बरा केला, तवा इचारलं काय त्याला, बाबा उद्यापास्नं ह्या हातानं काय करशील?"

वालाचं एक सालपट नमिताच्या पदरावर उडालं, ते तिने झटकलंही नाही.

"आनि नुसती प्रार्थना करून ऱ्हाऊ नका. खडं मीठ तापवून शेक द्या. मी येते."

शुक्रवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी निघालो. निडी, नागोठणे, कासू. सगळा वेळ मी मनात एक लांबलचक, सुंदर प्रार्थना जुळवत होते. मैनाताईच्या घरी धोंडुबाईंनी तव्यावर मीठ तापवलं, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलं, आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिलं. शेक झाल्यावर मी तेल लावून एकेक बोट वाकवलं. मग तिचे केस विंचरून वेणी घातली. तीन आठवडे तिला वेणी घालता आली नव्हती आणि शेजारणीला सांगायची लाज वाटत होती.

"आता कर प्रार्थना," ती म्हणाली. "मोठ्यानं कर. माझ्याबद्दल बोलतेस तर मला ऐकू आलं पायजे."

मी तिचा हात हातात घेतला. नखांच्या कोपऱ्यांत जुना रंग अजून तसाच होता. गाडीत जुळवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं.

"बापा, हा हात बघ."

पुढे काही येईना.

"झालं?"

"झालं."

"एवढंच? आमच्या गुरुजींना तासभर लागतो."

"आमच्या सरांना पन लागतो," धोंडुबाई म्हणाल्या. "हिचं आपलं बरं हाय."

मग मी रोज जाऊ लागले. मंगळवारी मैनाताईने कागद मागितला. घरात कागद नव्हता, माझ्या पिशवीत पत्रकं होती. मी एक उलटं करून तिच्यापुढे ठेवलं. तिने ब्रश धरला, श्वास धरला आणि दोन डोळे काढले.

दोघी बघत राहिलो.

"हा एक डोळा बघतोय अलिबागला," ती म्हणाली, "आनि हा पनवेलला."

इतक्या हसलो की मिठाची पोटली गार झाली.

त्यानंतर रोज शेक, तेल, तीच एका ओळीची प्रार्थना आणि दहा-बारा पत्रकं. गुरुवारी ती म्हणाली, "थांब, आज मी बोलते." डोळे मिटून म्हणाली, "बापा, हा हात बघ. आनि हिचा गुडघा पन बघ, स्टेशनचा जिना चढताना कुरकुरतो." मला एकदम रडू आलं. गुडघ्याबद्दल मी तिला एकदाच बोलले होते.

शनिवारी शेवटचं पत्रक उरलं. तिने त्यावर डोळे काढले. मी कागद खिडकीशी नेला, दाराशी नेला. कुठेही धरला तरी ते माझ्याकडेच बघत होते. मैनाताई उठली. चपला घातल्या आणि थेट कारखान्यात गेली. मी मागोमाग.

पहिल्या मूर्तीला तिला दुप्पट वेळ लागला. करंगळी अजून वळत नव्हती, ती तिने वरच ठेवली. कमळाकर समोरून बघून आला, बाजूने बघून आला.

"बोट काय वर ठेवलंस, राणीसारखं?"

"तू डोळे बघ रे. बोट नको बघू."

त्याने खिशातून फोन काढला आणि हमरापूरच्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितलं.

रविवारी उपासना झाल्यावर सुशील सरांनी अहवाल मागितला. नमिताची अठरा वाटून झाली होती, प्रतिक्षाची तीस.

"लीयाताई, तुमची?"

"सगळी संपली."

सरांचा चेहरा फुलला. "पन्नासही? कुणाकुणाला दिली?"

"एकाच बाईला."

मी पत्रकं टेबलावर उलटी मांडली. तिरळे डोळे, सुजलेले डोळे, रागावलेले डोळे, आणि मग हळूहळू सरळ होत गेलेले. सगळे सरांकडे बघत होते. बोलणी खायची तयारी ठेवून मी सगळी हकीकत सांगितली. सरांनी शेवटचं पत्रक उचललं, उलटून छापील ओळ वाचली, पुन्हा डोळ्यांची बाजू वर केली आणि ते शर्टाच्या खिशात ठेवलं.

"पुढच्या वेळी," ते म्हणाले, "एकाच बाजूला छापू."

एवढ्यात माझा फोन वाजला. मैनाताई कारखान्यातून बोलत होती, मागे रेडिओ जोरात. "लीये, कमळाकरची पाठ धरलीय. सोता सांगायला लाजतो. तुझी ती एका ओळीची चालंल बोलतो. मीठ मात्र जास्त आन."

मी सगळ्यांना सांगून होईपर्यंत धोंडुबाई उठल्याही होत्या. "पाठीला मोठी पोटली लागंल. कुनाची जुनी साडी हाय?"

सगळ्या नमिताकडे बघू लागल्या, नमिता छताकडे.

"माझी जुनी लुंगी चालेल का?" सुशील सरांनी विचारलं.