माईकवाल्याचं पहिलं वाक्य

अख्ख्या गावाला बोलायला माईक पुरवणारा आपला माईकवाला स्वतः मात्र त्यात दोनच शब्द बोलायचा. "हॅलो, चेक!" त्यापुढे दातखीळ.

आणि आता त्याची ताई रिटायर होणार होती. हॉस्पिटलात नर्स. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. रात्रपाळी करून यायची आणि तशीच त्याचा शाळेचा डबा भरायला लागायची. निरोप समारंभ झाला की ती लेकाकडे परदेशात जाणार, कायमची. इतकी वर्षं मनात साठलेलं तिच्या माणसांसमोर एकदा तरी बोलावं, यासाठी त्याचा जीव नुसता तुटत होता. पण चारचौघांत बोलायचं कसं?

"भाषण रक्तातच असावं लागतं," तो बायकोला म्हणाला.

बायको लोकांना गाडी शिकवायची. ती फिस्सकन हसली.

"हो का? माझ्याकडे येणाऱ्यांच्या रक्तात क्लच असतो वाटतं! पहिल्या दिवशी सगळेच गाडी बंद पाडतात. मोकळ्या मैदानात घोटून घेते, मग रस्त्यावर काढते. तुम्हाला तर रोज रिकामा हॉल फुकट मिळतो, महाराज! चेक-चेक काय करता? ताईंबद्दल एकेक वाक्य बोलून माईक तपासा. शेवटच्या खुर्चीला ऐकू गेलं पाहिजे. आणि मध्ये श्वास घ्या, पळत सुटू नका."

झालं! तो रिकाम्या खुर्च्यांना ताई सांगू लागला. आधी चाचरत, मग पाल्हाळ लावत, मग बायकोनं कात्री चालवल्यावर नेमकं. हॉल झाडणाऱ्या मावशी तर एकदा झाडू थांबवून म्हणाल्या, "पुढं काय झालं हो त्या ताईचं?"

समारंभाला मात्र खुर्च्या भरलेल्या! पाठ केलेलं सगळं उडालं. सवयीनं तोंडातून निघालं, "हॅलो, चेक... आवाज येतोय का?"

हॉल खो-खो हसला. पहिल्या रांगेतून ताई ओरडली, "येतोय रे! कधीची वाट बघतेय, बोल की!"

त्यानं श्वास घेतला. फक्त तिच्याकडे बघितलं.

"ताई माझा डबा भरायची. ती स्वतः काय खायची, हे मी कधी विचारलंच नाही. आज विचारतोय, ताई."



"उरलंसुरलं रे," ताई म्हणाली. माईक नव्हता तिच्याकडे, तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं.

मंडळी, चारचौघांत बोलणं हे कुणी जन्मतः घेऊन येत नाही, ते घोटून येतं! तुमचीही कुणीतरी पहिल्या रांगेत बसून वाट बघत असेल. एखादी रिकामी खोली गाठा आणि करा सुरुवात. गाडी बंद पडलीच, तर पुन्हा किल्ली फिरवा. पण ते माणूस निघून जायच्या आत!