बुधवारची कमाई

ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं लॅबमध्ये पाठवत आणि ती दिवसभर मान खाली घालून गुलाबी मेणात एकेक दात बसवत असे. ओळखीपाळखीत तिचं नावच दातवाली पडलं होतं. नवरा चष्म्याच्या दुकानात नोकरीला. "दादावहिनींनी म्हातारपणाची सगळी सोय घरातच करून ठेवलीय," असं धाकटा दीर चारचौघांत सांगायचा आणि स्वतःच सगळ्यांत आधी हसायचा.

लॅब आठवड्यातले सहा दिवस चाले. उरलेला रविवार धुणं, बाजार आणि पाहुण्यांच्या घशात जाई. अशाच एका रविवारी इस्त्री करता करता ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला एक वार हवाय. बुधवार."

"वार हवाय म्हणजे?"

"बुधवारी कामाला जायचं नाही. मी घरी. माझी मी."

"आणि पगार? तो कापतील की!"

"कापू देत. तेवढा दुसरीकडून आणायचा."

दुसरीकडून म्हणजे कुठून, याचा विचार तिने करून ठेवला होता. वडिलांनी कधीकाळी एका सिमेंट कंपनीचे थोडे शेअर तिच्या नावावर केले होते. कंपनीला नफा झाला की त्यातला वाटा, म्हणजे लाभांश, दरवर्षी तिच्या खात्यात येई. रक्कम फुटकळ, पण ती तापाने फणफणलेली असो की गावाला गेलेली, पैसे आपले मुकाट्याने येत. असे वाटे बऱ्याच कंपन्यांकडून यायला लागले, तर त्यांतून वर्षभराच्या बुधवारांचा पगार का नाही निघणार?

मग तिने तातडीच्या कामाचे जादा पैसे बाजूला काढायला सुरुवात केली. त्यांतून शेअर घ्यायचे, लाभांश आला की त्याचेही शेअर घ्यायचे, आणि मधल्या मधे काहीही उचलायचं नाही. पहिल्या वर्षीचा लाभांश पाहून दिराने कपाळाला हात लावला. "वहिनी, यात दोन चहा येतील. बिस्किटाचे तुम्हाला पदरचे घालावे लागतील!"

तीही हसली. पण मनाला लागलं ते लागलंच, आणि त्या लागण्यापायीच ती पुढे फसली.

झालं असं, की एक जहाज कंपनी इतरांच्या दुपटी-तिपटीने लाभांश देत होती. दिरानेच ती सुचवली, स्वतःही तिचे शेअर घेतले. दातवालीने आकडा पाहिला आणि तिचा ताबा सुटला. बुधवार दोन वर्षांत हातात येईल असं वाटून तिने शिलकीतला निम्मा पैसा तिथे ओतला. वर्ष उलटलं आणि कंपनीने जाहीर केलं, यंदा लाभांश नाही. पाठोपाठ शेअरचा भाव कोसळला.

रात्रीची भाजी चिरताना तिने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि स्वतः भाजी चिरत म्हणाला, "बुडाला तर पैसा बुडालाय. तू कशाला बुडतेस? चुकलं कुठे ते बघ."

तिने बघितलं. कंपनी वाटा केवढा देते हे तिने पाहिलं होतं, पण तो कमाईतून देते की कर्ज काढून, हे पाहिलंच नव्हतं. शिवाय निम्मा भार एकट्या एकीवर. कवळी बसवताना ती असं कधीच करत नसे. चावण्याचा जोर सगळ्या दातांवर सारखा पडला नाही, तर कवळी आठवड्यात परत येते, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. "स्वतःचं काम मी स्वतःच विसरले बघा," ती म्हणाली.

तोटा सोसून तिने जहाजातून पाय काढला. आता ती शोधून शोधून कंटाळवाण्या कंपन्या घेऊ लागली. पाण्याचे पाइप, साबण, पुठ्ठ्याची खोकी, विजेच्या तारा. ज्यांच्याबद्दल कुणी गप्पा मारत नाही, पण ज्यांच्यावाचून कुणाचं चालत नाही. कर्ज किती, कमाईतला केवढा भाग वाटला आणि केवढा धंद्यात ठेवला, हे वाचल्याशिवाय ती पुढे सरकत नसे. आणि कोणत्याही एकीने हात वर केले तरी आपलं अडणार नाही, एवढेच शेअर.

मधे एकदा सगळा बाजारच गडगडला. नवरा घाबरा होऊन दुकानातून लवकर घरी आला. "अगं, विकायचं का?"

"साबण लावायचं सोडलंय का कुणी?"

"नाही..."

"मग हात धुऊन जेवायला बसा."

भाव वर्षभर पडलेलेच राहिले. एका कंपनीने लाभांश कमी केला, बाकीच्यांचा आला. स्वस्तात मिळताहेत म्हणून तिने आणखी शेअर घेतले. अशी वर्षं गेली, तिच्या कानशिलावर पांढरं दिसू लागलं, आणि एका दुपारी डब्यातली पोळी खाता खाता तिने मनातल्या मनात बेरीज केली. मग खात्री म्हणून पुन्हा केली. बुधवार निघत होते. वर थोडे पैसे उरतही होते.

संध्याकाळी ती लॅबच्या मालकीणबाईंसमोर उभी राहिली. "बाई, पुढच्या महिन्यापासून बुधवारी मी येणार नाही. तेवढा पगार कापा."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "दुसरीकडे काम धरलंस का? खरं सांग."

"नाही हो. शेअर घेऊन ठेवलेत, त्यांचा लाभांश येतो. बुधवारचं भागतं त्यात."

"कुणी घेऊन दिले?"

"मीच घेतले."

हे दोन शब्द उच्चारताना तिची मान आपोआप ताठ झाली. एवढी वर्षं मेणावर वाकलेली मान! बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाल्या, "मंगळवारी काम पुरं करून जात जा. आणि एकदा सवडीने बस माझ्यापाशी, मलाही समजावून सांग."

पहिल्या बुधवारी ती नेहमीच्याच वेळेला जागी झाली. नवरा दुकानात गेला. तिने अंघोळीची घाई केली नाही. केस मोकळे सोडून, बाल्कनीत खुर्ची ओढून बसली. खालून लोक कामाला निघाले होते. समोरच्या बाल्कनीतल्या शेजारणीने हाक मारली, "अगं, आज घरी कशी? बरं नाही का?"

"चांगली बरी आहे की!" ती म्हणाली. "आज माझ्या कंपन्या गेल्यात कामाला."

शेजारणीला काही कळलं नाही. दातवालीने "ये इकडे, चहा टाकते, सांगते," म्हणून तिला बोलावून घेतलं आणि आत जाऊन मोठं भांडं गॅसवर ठेवलं.