काकूंची झोप

"आणि दरड आली, पूर आला, जमीन हलली, तर तुम्हाला उठवणार कोण?" पाहणीवाल्या बाईंनी याही घरी तोच प्रश्न विचारला.

"काकू," दुकानदार साखर तोलता तोलता म्हणाला. "दुसरं कोण?"

डोंगरउतारावरच्या त्या वस्तीत घरोघर हेच उत्तर मिळत होतं. बाई मुळातच चौकस. सरकारने नेमलं नसतं तरी त्या लोकांच्या घरांत डोकावल्याच असत्या, असं त्यांचा नवरा म्हणे. कुठल्या घराला कशाचा किती धोका, हे पाहून त्यांना परतायचं होतं. पण सगळ्या वस्तीला उठवणारी ही काकू पाहिल्याशिवाय त्यांचा पाय निघेना.

काकू निघाल्या शिंपीण. घर सगळ्यांच्या वर, ओढ्याला खेटून. नवरा दरडीखाली गेला तेव्हा त्यांची झोप उडाली, ती उडालीच. रात्रभर मशीन चालवायची आणि ओढ्याकडे कान ठेवायचा. ओढा गरजला तर पूर; पण एकाएकी गप्प झाला, तर वर दरडीने पाणी अडवलंय असं समजायचं. मग काकू पातेलं बडवत खाली धावत. एरवी वस्ती ढाराढूर.

"आणि तुम्हाला कोण उठवतं?" बाईंनी विचारलं.

हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. काकू हसल्या. म्हणाल्या, "लेक बोलावतेय तिच्याकडे. पुढच्या महिन्यात जाईन म्हणते. पण इथे सांगू कुणाला? सगळे पाय धरतील." मग हळूच म्हणाल्या, "मला एकदा पोटभर झोपायचंय गं."

बाई म्हणाल्या, "आत्ता झोपा. मी ऐकते ओढा."

काकूंनी थोडे आढेवेढे घेतले, आणि मग अशा झोपल्या की अंगुस्तान बोटातच राहिलं. बाई उंबऱ्यात बसल्या. पाणी कधी जोरात वाटे, कधी हळू. यातलं कुठलं वाईट, ते त्यांना कळेना.

तेवढ्यात दुकानदार उसवलेली पिशवी घेऊन आला. काकू कुठायत, म्हणाला.

"झोपल्यात."

त्याचा चेहरा उतरला. त्याने आत पाहिलं, मग वर डोंगराकडे. जन्म इथे गेला होता, पण ओढा त्याने कधी ऐकलाच नव्हता. चपला काढून तो उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"हा आवाज रोजचाच का हो?" त्याने कुजबुजत विचारलं.

"मलाही माहीत नाही," बाई म्हणाल्या.

दोघं कान देऊन बसून राहिले. आत काकू घोरत होत्या.