विल्डाची वीस बोअर

दुकानदार रॉइसने बंदुकीचा पुढचा दस्ता खटकन मागे ओढून पुढे ढकलला आणि जादूचा प्रयोग संपवल्यासारखा तो विल्डाकडे बघत राहिला.

"हा नुसता आवाज ऐकला ना मिस विल्डा, की चोर पायाला भिंगरी लावून पळतो. झाडायची वेळच येत नाही."

"आवाज काढायला मला तोंड आहे," विल्डा म्हणाली. "मला बंदूक दाखव."

शेजारी उभ्या असलेल्या शार्लीनने, म्हणजे तिच्या लेकीने, कपाळाला हात लावला. दोन दिवसांपासून ती तुल्सा शहरातून येऊन आईच्या मागे लागली होती. गेल्या महिन्यात विल्डा रविवारी चर्चला गेलेली असताना कुणीतरी स्वयंपाकघराचं दार फोडून घर धुऊन नेलं होतं. दिवंगत नवऱ्याची अवजारं, गुडघेदुखीच्या गोळ्या, आणि कहर म्हणजे घराच्या रक्षणाला ठेवलेली नवऱ्याची बारा बोअरची बंदूकसुद्धा! शेरीफचा माणूस, म्हणजे पोलीस, पोचायला पन्नास मिनिटं लागली, तीही रस्ता कोरडा होता म्हणून. शार्लीनचं म्हणणं सरळ होतं: घर विक आणि माझ्याकडे चल. विल्डाचं म्हणणं त्याहून सरळ होतं: नाही. शेवटी मायलेकींचा सौदा ठरला. आईने बंदूक घ्यायची, स्वतःच्या हाताने भरायची आणि पाच डबे उडवून दाखवायचे. जमलं तर घर राहील. नाहीतर शनिवारी जावई ट्रक घेऊन येईल.

विल्डाने रॉइसच्या हातातली बंदूक घेतली, खांद्याला लावली आणि दस्ता ओढायला गेली. तो अर्ध्यावर अडकला. उजवा खांदा कामातून गेलेला. शाळेच्या स्वयंपाकघरात, जिथे पोरं तिला मिस विल्डा म्हणायला लागली, एकतीस वर्षं चाळीस-चाळीस किलोची पातेली उचलल्यावर खांद्याने तरी किती साथ द्यावी?

"बघितलंस?" शार्लीन लगेच म्हणाली. "आई, हे तुझं काम नाही."

"ही बंदूक माझी नाही. काम माझंच आहे."

रॉइसने मग एक गुलाबी बंदूक काढली. बायका आवडीने घेतात म्हणाला. विल्डाने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने ती गुपचूप परत ठेवली. एक आपोआप काडतूस चढवणारी दाखवली. तिची खिट्टी ओढायला बोटांत जोर हवा, आणि सांधेदुखीने विल्डाची बोटं आल्याच्या गड्ड्यांसारखी झालेली. तीही गेली. दुकानात एवढ्या बंदुका, आणि बाईला साजेशी एक सापडेना. रॉइसला घाम फुटला.

"त्या कोपऱ्यातली काय आहे?" विल्डाने विचारलं.

"ती? ती दुनळी. वीस बोअर. पण ती पोरासोरांची आहे हो. दहा-बारा वर्षांची मुलं शिकारीला नेतात. दस्ता आखूड आहे."

"माझे हातही आखूडच आहेत. आण इकडे."

तिने ती मधोमध मोडून उघडली. दोन भोकं, दोन काडतुसं. बंद केली की तयार. ओढाओढ नाही, खिट्टी नाही.

"वीस म्हणजे बारापेक्षा मोठी का रे?"

"उलटं. आकडा मोठा, दणका छोटा. पण घरातल्या घरात पुरे. फक्त दोनच बार मिळतील, मिस विल्डा. त्या पहिलीत सहा होते."

"दोनात नाही जमलं तर सहांत काय दिवे लावणार आहे मी?"

दुकानामागे मातीचा बांध होता. रॉइसने दुधाचे पाच डबे पाणी भरून मांडले. पहिला बार बांधात गेला आणि उजव्या खांद्यातून अशी कळ आली, की विल्डाच्या डोळ्यांत टचकन पाणी उभं राहिलं. शार्लीन पुढे आली. आईने तिला नजरेनेच जागेवर थांबवलं. मग बंदूक डाव्या खांद्याला लावली. आयुष्यात कधी डाव्या हाताने भाजी चिरली नव्हती, पण खांदा धड होता तो डावाच. दुसरा बार लागला. डबा फुटून पाणी उसळलं. मग तिसरा. एक चुकला, तर पुन्हा भरून मारला. पाचवा डबा पडला तेव्हाही बंदूक हलत नव्हती.

शार्लीन आईजवळ आली. मग हळूच म्हणाली, "आई, डब्याला तोंड नसतं. माणूस समोर आला तर चाप ओढशील?"

"ओढीन."

"रागवू नका," रॉइस मध्ये पडला. तोही आता गंभीर झाला होता. "पण शार्लीन बरोबर बोलतेय. अख्ख्या जिल्ह्यात चाळिशीच्या आतला एक माणूस दाखवा, जो तुमच्या हातचं जेवला नाही. मीसुद्धा जेवलोय. जो येईल तो तुमच्या ओळखीचाच असेल. त्याचं तोंड बघून हात कचरणार असेल तर ही नेऊ नका. तो तुमच्याच हातातून हिसकावून घेईल."

हा विचार विल्डाने केलाच नव्हता. ती डब्यांकडे बघत उभी राहिली. दुकानात येऊन तिने चष्मा लावला, फॉर्म भरला, सही केली. रॉइसने सरकारी तपासणीसाठी फोन लावला, थोड्या वेळात वरून होकार आला. शार्लीन आईला मिठी मारून तुल्साला निघून गेली. शनिवारी ट्रक आला नाही.

बारा दिवसांनी, गुरुवारी भर दुपारी, विल्डा टोमॅटो उकडून बरण्यांत भरत होती. गाडी मागच्या पडवीशी थांबल्याचं तिने ऐकलं. हाक नाही, दारावर टकटक नाही. तिने गॅस बंद केला, शेरीफला फोन लावला, बंदूक भरली आणि घरातल्या बोळाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. नवी कडी कडाकडा तुटली आणि पहार हातात घेऊन एक हडकुळा माणूस आत आला.

"थांब तिथेच."

तो दचकला. मग ओळख पटून चक्क हसला. "अहो मिस विल्डा, मी! मी लायल. लायल पोग."

"दिसतंय मला कोण आहेस ते."

तिशीचा लायल. आता गालफडं बसलेली, दात गेलेले, पण हसणं तेच. शाळेत जेवणाच्या रांगेत दुसऱ्यांदा घुसायचा आणि असाच हसायचा. विल्डाला सगळं दिसत होतं. इतक्या वर्षांत ज्याला एकदाही 'पुरे' म्हटलं नव्हतं, तो पोरगा समोर होता.

"तुम्ही थोडंच मला मारणार?" असं म्हणून त्याने एक पाऊल पुढे टाकलं. लाडाने.

आता विल्डाला कळलं. हा घर चुकून आलेला नव्हता. घर विल्डाचं आहे हे माहीत होतं, म्हणूनच आला होता. दोन्ही वेळेला.

"लायल, आणखी एक पाऊल टाकलंस तर मारीन. खोटं नाही बोलत मी."

त्याने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. हसू विझलं. पहार खाली पडली. दोन्ही हात वर करून, पाठ न वळवता, तो एक एक पाऊल मागे सरकत गेला, पायरीवर धडपडला, उठला आणि गाडीकडे धावत सुटला.

शेरीफचा माणूस पंचेचाळीस मिनिटांनी आला. विल्डाने लायलचं नाव सांगितलं, त्याच्या आईचं नाव सांगितलं, गाडीचा रंग सांगितला. काहीही लपवलं नाही. दोन्ही काडतुसं काढून टेबलावर ठेवली होती. त्याने सगळं लिहून घेतलं आणि टोपी काढत विचारलं, "फार घाबरलात का हो?"

"मी नाही," विल्डा म्हणाली. "तो घाबरला. माझ्या हातचं जेवलेला पोरगा मला घाबरला."

आणि मग तिला खुर्चीवर बसावं लागलं.