बाबलीचा चुकलेला सूर

मिठबावच्या बाबलीने उभा जन्म बेस गिटार वाजवली, पण ती ऐकली कोणी म्हणाल तर कोणीच नाही.

बेस म्हणजे जाड तारांची गिटार. तिचा आवाज खालचा, पोटातून आल्यासारखा. गाण्याच्या पायाखाली जमीन घालायचं काम तिचं. पण जत्रेत, हळदीत, गणपतीत झाडाला कर्णे बांधलेले असायचे, आणि कर्ण्यातून चिरका असेल तेवढाच आवाज बाहेर येतो. खालचा आतल्या आत मरतो. गाणाऱ्याचा गळा चार वाड्यांवर पोचे, ढोलकी पोचे, कीबोर्ड पोचे. बाबलीला ऑर्केस्ट्राच्या मालकाने स्पीकरचा जो लाकडी डबा दिला होता, त्याचा आवाज मागच्या जनरेटरलाच ओलांडत नसे. म्हणून बाबली गिटारच्या लाकडावर हनुवटी टेकवून वाजवायचा. लाकूड थरथरलं की जबड्यात सूर कळायचा. समोरच्या लोकांना वाटे, मागचा माणूस डुलक्या काढतो आहे.

त्याची बायको काशीबाई. तिने नवऱ्याचे कार्यक्रम पुष्कळ पाहिले होते, आणि घरी येऊन दर वेळी तेच विचारायची.

"तुमी थंय नक्की करतास काय ओ? माका तर कायच आयकाक येणा नाय."

"वाजवतंय."

"वाजवतास तर मगे आवाज खंय जाता?"

एकदा दगडी गडग्यापलीकडच्या शेजारी परशुरामाने विचारलं, वैनी, बाबली ऑर्केस्ट्रात करता काय? काशीबाई सरळ बाई. जे पाहिलं तेच बोलली. "गिटार धरता," म्हणाली.

धरता. तो शब्द बाबलीच्या पायात माशाच्या काट्यासारखा मोडून बसला. पुढे ऑर्केस्ट्रा बंद पडला, बाबलीचे केस पिकले, कलमांची राखण आणि नारळ पाडणं एवढंच काम उरलं. काटा मात्र होता तिथेच होता.

अशात बांद्याहून त्याची भाची गौरजा आली. ही शाळेत शिकवते, आणि बायकांच्या भजनी मंडळाची बुवा आहे. बुवा म्हणजे पेटीवर बसून भजन पुढे नेणारी. एकेकाळी बाई बुवा झाली म्हणून नाकं मुरडणारे आता तिला सुपारी द्यायला दारात उभे राहतात. तिने आपल्या शब्दांचे गजर बांधले होते, आणि त्यांचा अल्बम काढायचा होता.

"मामा, बेस तू वाजवूचो."

"अल्बमात तो आयकाक येतलो?"

"हेडफोन घालून बसलो तर कानात घुसतलो."

बाबलीला तेवढं पुरलं. माळ्यावरची गिटार काढली, ताडपत्रीच्या पिशवीत घातली, आणि दुसऱ्या दिवशी एसटीत बसला. काशीबाईने वाटेला घावणे बांधून दिले आणि म्हणाली, "पाडू बिडू नकात. जड आसा ता."

स्टुडिओ इन्सुलीला, हमरस्त्यापासून थोडा आत. पूर्वी ते काजूचं गोदाम होतं. भिंतींना काथ्याच्या गाद्या मारल्या होत्या, म्हणजे बाहेरच्या ट्रकांची घरघर आत येत नाही. तरी हवा दमट झाली की भाजलेल्या काजूचा वास येई. मालक मिहीर. कुडाळचाच, तिशीचा, मुंबईत काही वर्षं हेच काम करून परत आलेला. बोलायला मऊ, कामाला कडक. त्याने बाबलीला काचेच्या खोलीत बसवलं आणि कानांवर हेडफोन चढवले.

"वाजवा काका."

बाबलीने हनुवटी लाकडावर टेकवली, पहिली तार ओढली, आणि घाबरला.

आवाज आला. सगळा आला. तार लाकडावर आपटल्याची टपटप, बोट घसरल्याची खरखर, केसभर मागे पडलेला सूर, सगळंच्या सगळं. इतकी वर्षं जबड्याने जे ऐकलं ते गोड होतं. हे त्याचंच होतं, आणि गोड नव्हतं. मिहीरने ते परत लावून दाखवलं तेव्हा बाबलीने मान खाली घातली.

"काका, तुम्ही तार मारताय. इथे मारायची गरज नाही. नुसतं बोट लागलं तरी ऐकू येतं."

"आयकाक येय नाय म्हणानच मारूची सवय लागली रे," बाबली म्हणाला.

मिहीर हसला नाही. म्हणाला, "मग सवय मोडू या. वेळ आहे आपल्याकडे."

बाबली बहिणीकडे, सुभद्राकडे, बांद्याला राहिला. पडवीत बसून वीज न लावता गिटार घेऊन बोटं हलकी करायला शिकला. साठी उलटलेल्या माणसाने बोट कसं लावायचं ते नव्याने शिकायचं म्हणजे काय, ते शिकणाऱ्यालाच ठाऊक. सुभद्रा म्हणाली, "लहान पोरासारखो काय करतंस?" त्यावर तो म्हणाला, "लहानपणी कोणी शिकवल्यान असता तर आता मोठ्या माणसासारखो केलो असतंय."

हळूहळू जमलं. दोन गाण्यांत काही केल्या जमलं नाही. त्यांत ठेका धरायला टकटक लावलेली होती, कानात घड्याळासारखी, आणि बाबली कधी पुढे, कधी मागे. मिहीर म्हणाला, ह्या दोन ठिकाणी मी कीबोर्डवर बेस वाजवतो, चालेल? बाबलीने विचार केला आणि मान डोलावली. ज्यात आपण उणे, त्यात उणे. पण बाहेर चहाला उभं असताना त्याने गौरजाला गाठलं.

"दोन गेली ती गेली. शेवटचो गजर माझो. थंय कीबोर्ड लागलो तर मी दारात आडवो पडतलंय, सांगान ठेवतंय."

"कोण लावता थंय कीबोर्ड? शिरा पडो तुझ्या तोंडार," गौरजा म्हणाली.

शेवटचा गजर तिचा सगळ्यात लाडका. गजर सावकाश सुरू होतो आणि चढत जातो. किती चढायचा ते आधी ठरत नाही. बुवाच्या मनात येईल तसा तो चढतो, आणि बाकीचे बुवाच्या हाताकडे बघत धावतात. मिहीरने टकटक लावून पाहिली. सगळे एकमेकांवर आदळले. त्याने आपणच ती काढली, मोठ्या खोलीत सतरंजी पसरली आणि म्हणाला, "देवळात बसता तसे बसा. मी फक्त पकडतो."

मध्ये गौरजा पेटी घेऊन, तिच्या उजव्या हाताला सिद्धेश पखवाज घेऊन, मागे झांजा आणि कोरसच्या बायका, आणि कोपऱ्यात बाबली. गजर सुरू झाला. पहिली फेरी, दुसरी फेरी. सिद्धेशची बोटं दिसेनाशी झाली. बाबलीला वाटलं आपण वाजवतच नाही, गिटारच आपल्याला ओढत नेते आहे. बोट हलकं होतं. हनुवटी कधी लाकडावरून उचलली गेली ते त्यालाही कळलं नाही. आणि ऐन चढात गौरजाने हात वर केला.

आता हा हात वर करणं म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. भजनात बुवाने हात वर केला की सगळ्यांनी एकदम थांबायचं. क्षणभर निवांत, आणि मग बुवाने हात खाली आणला की पुन्हा उसळायचं. भजनातल्या माणसाच्या हाडात हे असतं. पण बाबली हाडाचा ऑर्केस्ट्रावाला. ऑर्केस्ट्रात गाणाऱ्याने हात वर केला की त्याचा अर्थ, लोक मागतात, अजून एक फेरी, चढवा. सरावात गौरजाने कधी हात वर केला नव्हता, शेवट ठरलेलाच नव्हता. इथे रंगात आली आणि सवयीने केला.

सगळे थांबले. बाबली चढला.

काथ्याच्या त्या भिंतींत, सगळं गप्प असताना, बाबलीचा एक सूर एकटा उभा राहिला. जाड, लांब, वरचा. चुकलेला. बाबलीला कळलं, आणि अंगाला घाम फुटला. पण थांबला नाही. आता थांबलो तर लाज, असं मनात आलं, आणि तो त्या सुरावरून एकेक पायरी उतरत, घाई न करता, घरच्या सुरावर आला. तोवर सिद्धेशला हसू आवरेना. त्याने हसत हसतच पखवाजावर थाप मारली, गौरजाचा हात खाली आला, आणि सगळे असे उसळले की मिहीरला काचेमागे उभं राहावं लागलं.

गजर संपल्यावर बायकांनी पदर तोंडाला लावले.

"मामा, काय रे ह्यां? एकटोच खंय भायर पडलंस?" गौरजा डोळे पुसत म्हणाली.

"तू हात वर केलंस, मी वर गेलंय," बाबली म्हणाला. पुन्हा हशा.

मिहीर बाहेर आला. "असा गजर मी आजवर रेकॉर्ड केला नाही. खरंच. फक्त तो मधला एक सूर मी काढून टाकतो. तिथे शांतता ठेवतो, जशी हवी होती तशी. दोन मिनिटांचं काम आहे. कोणाला कळणार नाही."

कोणाला कळणार नाही.

बाबली गिटार पिशवीत घालत होता, तो थांबला.

"काडूचो नाय," तो म्हणाला.

"अहो काका, चूक आहे ती."

"चूक आसा ता माका म्हाईत आसा. माझीच आसा. काडूची नाय."

"मामा, असो काय करतंस?" गौरजाचं हसू गेलं होतं. "अल्बमावर नाव माझा आसा. लोक म्हणतले, गौरजाच्या गजरात बेसवालो चुकलो, आनी हिका कळाक पण नाय. हवा तर परत वाजवया."

"मी परत वाजवूचंय नाय."

"कित्या?"

"परत वाजवलंय तर बरोबर वाजवतलंय. आनी बरोबर वाजवलेला कोणाक कळता? आयक गो. पस्तीस-चाळीस वर्सां माझे बरोबर सूर कोणी आयकाक नाय. एक पण नाय. आता एक चुकीचो आयकांदेत."

झांजवाल्या बायकांपैकी एकीने झांजा पिशवीत टाकल्या, त्यांचा आवाज झाला तेवढाच.

मिहीर समजुतीने म्हणाला, "काका, तुमचा बेस बाकी सगळ्या गाण्यांत आहेच की. एका सुराने काय बिघडतं?"

"बिघडणा नाय तर मगे काडतंस कित्या?" बाबली म्हणाला. "आनी काडूचोच आसात तर सगळोच काडा. उरलेल्या आठय गाण्यांतसून माझो हात काडा आनी कीबोर्ड लावा. तुजो कीबोर्ड चुकणा नाय. पण अर्धो बाबली ठेवशात आनी अर्धो पुसशात, ता माका नको." त्याने ताडपत्रीच्या पिशवीची नाडी करकचून बांधली. गाठ पक्की बसली.

गौरजा पेटीवर कोपर टेकवून बसली होती. तिला राग आला होता, आणि तिचा रागही खराच होता. लोकांनी नाकं मुरडली तेव्हा ती एकही सूर न चुकता बुवा झाली होती. बाई चुकली की लोक बाईपण काढतात, हे तिला चांगलं ठाऊक.

"मिहीर, परत लाव," ती म्हणाली.

त्याने लावलं. सगळ्यांनी उभ्या उभ्या ऐकलं. चढ आला, शांतता आली, आणि त्या शांततेत तो जाड सूर आला, इकडे तिकडे न बघता उभा राहिला आणि सावकाश घरी गेला. या वेळी कोणी हसलं नाही. गौरजा मामाकडे बघत होती. मामा भिंतीकडे बघत होता.

"ऱ्हवांदे तो," ती म्हणाली. मग बाबलीकडे वळून, अजून रागातच, "पण माका कोणी विचारल्यान, कोण चुकलो, तर मी तुझा नाव सांगतलंय. मिठबावचो बाबली म्हणान. गावासकट सांगतलंय."

"ताच तर माका व्हया," बाबली म्हणाला.

मिहीरने हात जोडले, हसला, आणि तो सूर तसाच ठेवला.

चतुर्थीच्या आधी अल्बम आला. बाबलीची मुलगी तन्वी माहेरी आली होती, तिने पडवीत बसून मोबाइलवर गजर लावला. काशीबाई ऐकत राहिली. गौरजाचा गळा आला, पखवाज आला, झांजा आल्या.

"बरा आसा," काशीबाई म्हणाली. "आनी तुमी खंय?"

मोबाइलचा भोंगा तो, नखाएवढा. बेस कुठून येणार त्यातून! बाबली उठून खळ्यात गेला आणि उगाच सोललेल्या नारळांची सोडणं रचत बसला. आपण भांडून मिळवलेला सूर आपल्याच घरात मरतो, ह्याचा त्याला असा संताप आला की रचलेली सोडणं त्याने पुन्हा पाडली.

गौरींच्या दिवशी गौरजा ओटी घेऊन आली. बाबलीने तिला पाणी विचारायच्या आधी विचारलं, "हेडफोन हाडलंस?"

तिने आणले होते. मोठे, कान झाकणारे. काशीबाईच्या अंबाड्यावर ते बसेनात, तेव्हा तन्वीने फूल काढलं, अंबाडा खाली केला आणि बसवले. काशीबाईला वाटलं आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कोणालाच येत नाही, म्हणून ती ओरडून बोलू लागली.

"लावलंस काय गो?"

लावलं. काशीबाई दचकली. छातीवर हात ठेवला.

"अगो बाय! ह्यां पोटात काय वाजता?"

"मामा तो," गौरजा म्हणाली, पण काशीबाईला ते ऐकू गेलं नाही. तिने डोळे मिटले होते. गजर चढत होता, ते तिच्या पायाच्या अंगठ्यावरून कळत होतं. बाबली खांबाला टेकून उभा होता. काजूच्या गोदामात फुटला नव्हता एवढा घाम त्याला आता फुटला होता.

एकाएकी काशीबाईने डोळे उघडले.

"ओ!" ती अशी ओरडली की गडग्यापलीकडे परशुराम उठून उभा राहिला. "हयसर सगळी गप झाली, आनी तुमी एकटेच वाजवतास! चुकलास तुमी!"

"काय झाला गो वैनी?" परशुरामाने हाक दिली.

काशीबाईला कुठलं ऐकू येतं. उत्तर बाबलीने दिलं. पडवीच्या कडेला येऊन, कर्णाही लागला नसता अशा आवाजात दिलं.

"मी चुकलंय म्हणता! आयकलंस, परशुराम? गिटार नुसती धरणारो कधी चुकता काय रे?"

"गप ऱ्हवा ओ," काशीबाई हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबत ओरडली. "माका पुढचा आयकांदे."